पाचवा हिस्सा

११ मार्च, मंगळवार

सकाळी सहाला जवाचं तापमान साडेसोळा. पूर्वेच्या भिंतीलगत सतरा, कारण तिथे थर अर्धा इंच जास्त जाड राहिला होता. दोष माझाच, काल संध्याकाळी फावडं घाईत चालवलं. बाकी थर साडेचार इंच. दाण्याला मुळं तीन, काहींना चार. सालीखालचा कोंब दाण्याच्या निम्म्यापर्यंत आलाय. शनिवारी वाळवणीच्या भट्टीत जाईल.

हे इथे लिहावं लागतंय, कारण कंपनीने नोंदवही बंद केली. सव्वीस वर्षं मी दिवसातून चार वेळा हे आकडे लिहीत आलो. जानेवारीत स्ट्रुआन म्हणाला, लुडो, आता त्याची गरज नाही. मग आकडे द्यायचे कोणाला, असं मी विचारलं. म्हणाला, तुझ्या डोक्यात असतातच की, वहीपेक्षा ते बरं. स्ट्रुआन मिल्न आज ग्लेनवारिख डिस्टिलरीचा मॅनेजर आहे, पण पूर्वी शाळेत माझ्याच बाकावर बसायचा आणि गणितं माझी उतरवायचा. त्याने असं म्हणावं, याला किंमत आहे. तरी डोक्यातलं डोक्याबरोबर जातं. म्हणून ही माझी स्वतःची वही. आकडे लिहून पानावर जागा उरली, तर इतरही लिहीन. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. जवाबद्दल जे काही शिकलो, ते डफटाउनच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि फावड्याच्या दांड्यावरून. पदवीवाले इथे येतात, दोन वर्षं राहतात, जातात. त्यातल्या एकालाही दाणा नखाने चिरून आतला पांढरा भाग अंगठ्यावर खडूसारखा ओढून दाखवता आला नाही. आमच्या दारूत चार हिस्से माल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेला जव, किनाऱ्यावरच्या मोठ्या कारखान्यातून लॉरीने येतो. पाचवा हिस्सा माझा. माझ्या जमिनीवर, म्हणजे जव पसरायच्या दगडी फरशीवर, भिजलेला, मोड आलेला, माझ्या हाताने फिरवलेला. मिठाचं प्रमाणही रश्शात पाचवा हिस्सा नसतं, पण मीठ नसलं तर कळतं.


१६ मार्च, रविवार

परवाचं लिहायचं राहिलं.

महिन्यातून एकदा स्ट्रुआनच्या खोलीत कोरी दारू हुंगायची असते. कोरी म्हणजे हंड्यातून निघालेली, पिंपात न गेलेली, पाण्यासारखी पांढरी. या खेपेला त्याने तीन ग्लास ठेवले आणि म्हणाला, यातला तुझा माल्ट ओळख. दोन ग्लासांत तुझा हिस्सा नाही, एकात आहे. हंड्यांवरचा टोरक्विल होता, पाहुण्यांना फिरवणारी रोना होती, आणखी दोघं.

मी घाई केली नाही. प्रत्येक ग्लासात थोडं पाणी घातलं, हाताने झाकला, शंभर मोजले. पहिला स्वच्छ, पण मुका. दुसऱ्यात फळ, पिकलेला पेअर. तिसऱ्यात ओलं गवत, भाजलेलं बिस्कीट, आणि पाठीमागे आमच्या जमिनीचा तो थंड दगडी वास. मी तिसरा उचलला. म्हटलं, हा. यात मी आहे.

 टोरक्विल बुटांकडे बघत होता. त्याला तीस वर्षांत असं काही जमलेलं नाही. स्ट्रुआनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझं नाक म्हणजे नाक, लुडो. आवाज जरा बसल्यासारखा होता. त्याला मार्चमध्ये सर्दी होतेच.

घरी इशबेलला सांगितलं. बायकोने निदान एवढं तरी विचारावं की तिसराच का. ती म्हणाली, छान झालं, आणि बटाटे सोलत राहिली. दिवसभर डिस्टिलरीच्या उपाहारगृहात पाहुण्यांना सूप वाढून तिचे पाय दुखतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.


२७ मार्च, गुरुवार

आज सुट्टी. गुरुवारी टोरक्विल माझ्या जागी दोनदा जव फिरवतो, फार वाईट नाही फिरवत.

दुपारी गावातल्या दारूच्या गुत्त्यात डोड राइअख भेटला. डोडचं शेत आमच्या मागच्या कुंपणाला लागून आहे. दारूसाठी माल्टातली गोडी काढून घेतली की जो ओला चोथा उरतो, तो डोड ट्रेलरने रोज नेतो आणि गुरांना घालतो. त्याचा बापही न्यायचा. या वर्षी स्टर्लिंगच्या बाजारात डोडच्या काळ्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून तो भेटेल त्याला पाजतो.

माझ्यापुढे ग्लास सरकवून म्हणाला, "हा तुझ्या हातांसाठी, लुडो. माझी गुरं गुरुवारी फाटकाशी रांग लावून उभी असतात, पाद्र्यालाही एवढी गर्दी मिळत नाही."

मी त्याला समजावलं की चोथ्यात गोडी उरत नाही, प्रथिनं उरतात, शेकडा वीस-एक, वाळवून मोजली तर. आणि गुरुवारचा चोथा बुधवारच्यापेक्षा वेगळा असण्याचं काही कारण नाही. डोड हसायचा थांबला. पलीकडच्या टेबलावर टोरक्विलचा भाऊ होता, त्याच्याकडे त्याने बघितलं. मग म्हणाला, बरोबर आहे तुझं, बैलाला प्रथिनंच लागली असतील.

लोकांना आकडा सांगितला की गप्प बसतात. माझा हा अनुभव जुना आहे.


१० एप्रिल, गुरुवार

तीन आठवडे पाऊस नाही. स्पे नदीत मासे धरायला येणारे साहेब लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून नशिबाला शिव्या देतात. झऱ्याचं पाणी साडेसात अंशांवर चढलं, भिजवण्याचा वेळ चार तासांनी कमी केला.

एक क्षुल्लक गोष्ट, पण लिहून ठेवतो. काल संध्याकाळी घरी येताना मागच्या वाटेवर डोडच्या कोंबड्या काही टिपत होत्या. चोथा सांडला असेल म्हणून मी पुढे गेलो असतो, पण चोथा ओला, काळपट, नुसत्या सालींचा असतो. हे दाणे होते. कोरडे, आख्खे. एक उचलून चावला. कडाडून फुटला, गोड लागला, शेवटी भट्टीत जाळतो त्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, धुराची हलकी चव. माझाच माल्ट, फेब्रुवारीच्या मधल्या खेपेचा, तेव्हा पीटच्या ढेपा जरा जास्त ओल्या होत्या.

म्हणजे माल्टच्या कोठीपासून गिरणीपर्यंत जी नळी जाते, ती कुठेतरी फुटली आहे. मी आत जाऊन बघितलं असतं, पण नवी गिरणी बसल्यापासून त्या खोलीला आकड्यांचं कुलूप आहे, स्वच्छतेच्या नियमांमुळे. आकडा मला दिलेला नाही. मला लागतही नाही.

सकाळी सुट्टी असूनही स्ट्रुआनकडे गेलो आणि सांगितलं की नळी गळतेय. त्याने खुर्चीतून उठून खिडकी लावली. म्हणाला, बरं झालं सांगितलंस, करतो बंदोबस्त. असा मॅनेजर असावा. दुसरा असता तर मूठभर दाण्यांसाठी काय आलास, म्हणाला असता.


१९ एप्रिल, शनिवार

ईस्टरची गर्दी. रोनाने आज सात तुकड्या आणल्या. जवात पाय घालायला मी कोणाला देत नाही, फोटोपुरतंही नाही. एका बाईने विचारलं, खांदा असा का वाकडा? मी सांगितलं की सव्वीस वर्षं फावडं एकाच बाजूने ओढलं की हाड त्या बाजूला बसतं. तिने खांद्याचाही फोटो काढला.

रोना प्रत्येक तुकडीला सांगते, "आणि हा लुडोविक. याच्याशिवाय ग्लेनवारिख नाही." पूर्वी ती हे माझ्याकडे बघून म्हणायची. हल्ली भिंतीकडे बघून म्हणते. पाठ झाल्यावर असं होतं.


२४ एप्रिल, गुरुवार

नळी गळत नाही.

क्रमाने लिहितो.

दाताळ्याचा एक दात मोडला होता, तो बसवायला सुट्टी असूनही मी सव्वानऊला गेलो. माल्टच्या कोठीला मागच्या बाजूने एक झडप आहे. ती कोठी धुवायची असली तरच उघडतात, वर्षातून एकदा. झडप उघडी होती. खाली डोडचा ट्रेलर उभा. वरून माल्ट पडत होता. कोरडा, सोनेरी, धुरळा उडवत. ट्रेलर पाऊण भरला होता. झडपेच्या साखळीवर टोरक्विलचा हात.

मी दोघांना काही विचारलं नाही. ट्रेलरवर चढलो आणि ओंजळ भरून घेतली. दोन एप्रिलला भट्टीतून काढलेली खेप. त्या खेपेला मी तीन रात्री पुरता झोपलो नव्हतो, दुष्काळी वाऱ्याने वरचा थर आधी वाळत होता म्हणून.

टोरक्विलने साखळी सोडली. झडप बंद झाली. डोड ट्रॅक्टरवरून उतरला. टोपी काढली, जशी स्मशानात काढतात.

म्हणाला, "लुडो, मला वाटलं तुला ठाऊक आहे. बायबलवर हात ठेवून सांगतो. पहिले दोन महिने मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

मी विचारलं, कधीपासून?

टोरक्विल म्हणाला, मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून. म्हणजे चौदा महिने. म्हणजे पंचेचाळीस खेपा, उन्हाळ्याची बंदी वजा करून.

आणि तेव्हापासूनचा माझा सगळा माल्ट?

गुरांना.

सगळ्यांना माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. डोडनेच सांगितलं. गुत्त्यात माहीत आहे, पोस्टात माहीत आहे. कोणाला तुझ्या तोंडावर सांगवेना, म्हणाला. सगळ्यांना तू आवडतोस.

दात बसवला. बीचचं लाकूड, पाचरीने घट्ट केलं. मग घरी आलो.


२५ एप्रिल, शुक्रवार

स्ट्रुआनच्या खोलीत चाळीस मिनिटं. मी उभा राहिलो. त्याने दोनदा खुर्ची पुढे केली.

त्याचं म्हणणं असं. नव्या गिरणीचे रूळ सारख्या दाण्यासाठी लावलेले आहेत. कारखान्यातला माल्ट सारखा असतो, माझा नसतो. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोनदा पीठ तुंबलं, रस खाली उतरेना, दोन दिवसांची दारू वाया गेली. वरून हुकूम आला, जमीन बंद करा, माणूस कमी करा. स्ट्रुआन भांडला. शेवटी एवढं ठरलं की जमीन चालू राहील, कारण पाहुणे जमीन बघायला येतात. हंडे काय, सगळीकडे असतात. हातानं जव फिरवणारा माणूस आता डोंगराच्या या बाजूला तू एकटा.

मी म्हटलं, मग मला सांगायचंस. दाणा सारखा करून दिला असता. थर पातळ ठेवला असता, चाळणी बदलली असती. तू मला एक वाक्य बोलला असतास, तर मी सहा महिन्यांत करून दाखवलं असतं.

तो म्हणाला, माहीत आहे, आणि सहा महिने मला दिले नसते कोणी.

मी म्हटलं, तू लोकांना फसवतोयस. तो म्हणाला, कोणाला? पत्रकावर एवढंच लिहिलंय की इथे आजही जव हाताने फिरवतात. फिरवतोसच तू. दारू चांगली आहे. पूर्वीसारखीच आहे.

मी म्हटलं, पूर्वीसारखी नाही. चाखणाऱ्याला कळतं.

तो खिडकीकडे वळला. पुढचं वाक्य त्याने पाठमोरा राहून उच्चारलं, एवढी लाज त्याला होती.

"त्या तिन्ही ग्लासांत तुझा दाणा नव्हता, लुडो. एकातही नाही. एकाच बाटलीतून ओतले होते मी तिन्ही."

मी विचारलं, मग ठेवलेस कशाला?

"वाटलं, तुला कळेल. तू ग्लास आपटशील, मला शिव्या देशील, आणि एकदाचं हे संपेल. मी चौदा महिने वाट बघत होतो की तुला कळेल."


२५ एप्रिल, पुन्हा

झोप येत नाही म्हणून नाही, तर हिशेब जुळत नाही म्हणून लिहितोय.

एकाच बाटलीतली दारू. पहिला मुका, दुसऱ्यात पेअर, तिसऱ्यात ओलं गवत आणि दगड. मी हे तीन वेगळे वास घेतले. खोटं बोललो नाही. मला ते खरोखर आले.

मग सव्वीस वर्षांत मला काय काय आलं?


२६ एप्रिल, शनिवार

इशबेलला विचारलं. उभ्या उभ्या, बेसिनपाशी. म्हटलं, तुला कधी कळलं?

तिने नळ बंद केला. हात पुसले, एकेक बोट. मला वाटलं, उपाहारगृहात कोणीतरी बोललं असेल, गेल्या उन्हाळ्यात वगैरे. ती म्हणाली, मला कळलं नाही. मीच सांगितलं त्याला.

स्ट्रुआन तिच्याकडे आला होता, मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, मी जमिनीवर असताना. म्हणाला, इशबेल, लुडोला काढायला सांगतायत. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला हे कसं सांगू? आणि हिने म्हटलं, काढू नकोस. फिरवू दे त्याला. माल्ट कुठे जातो, ते तो बघायला जात नाही.

"तू वर्षभर खुर्चीत बसून भिंतीचं तापमान मोजलं असतंस," ती म्हणाली. "मी माझ्या बापाला तसं बघितलंय, मासेमारीच्या बोटी बंद झाल्यावर. पुन्हा बघायची ताकद नव्हती माझ्यात."

मी म्हटलं, म्हणून मला गुरांचा चारा करायला लावलंस.

ती म्हणाली, "तू रोज सकाळी शीळ घालत जात होतास, लुडो. चौदा महिने. ती शीळ खोटी नव्हती."

मी जिन्याने वर आलो. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. रात्री मी वरच्या खोलीत झोपणार आहे. तिथे खिडकीच्या फटीतून वारा येतो, ती फट मी कागदाने बुजवली.


३० एप्रिल, बुधवार

जव फिरवतोय. कोणी म्हणेल, कशाला? जमिनीवर सहाव्या दिवसाचा थर पडला आहे. न फिरवता सोडला, तर मुळं एकमेकांत गुंततात, थराची चटई होते, आतून कुजते. स्ट्रुआनने मला फसवलं, दाण्याने नाही.

पण शनिवारी व्हिस्कीचा उत्सव सुरू होतोय. जगभरातून माणसं येतील. मी ठरवलं आहे. सर्वांत मोठी तुकडी असेल तिच्यासमोर, स्ट्रुआनच्या देखत, जे आहे ते सांगायचं. मग फावडं भिंतीला लावायचं आणि चालायला लागायचं. वाक्यं तयार केली. तीनच आहेत. चौथ्याची गरज पडू नये.


३ मे, शनिवार

साडेअकराची तुकडी. बेचाळीस माणसं. जर्मन, जपानी, दहा-बारा स्वीडिश, ग्लासगोचे काही मोठ्याने बोलणारे. स्ट्रुआन दारात उभा, नव्या टायमध्ये.

रोना म्हणाली, याच्याशिवाय ग्लेनवारिख नाही, आणि कोणाला लुडोविकला काही विचारायचं असेल तर विचारा.

ग्लासगोच्या एकाने विचारलं, "मग आज मी जी दारू चाखणार, ती तुझ्या फावड्याखालून गेली का, बॉस?"

मी फावडं टेकवलं. म्हटलं, आज चाखाल ती बारा वर्षांची, ती गेली. पण आता मी फिरवतोय त्यातला एक दाणाही हंड्यात जाणार नाही. हा सगळा माल्ट शेजारच्या डोडच्या गुरांना जातो. मला इथे तुम्ही बघावं म्हणून ठेवलं आहे.

तीन वाक्यं ठरवली होती, चार झाली.

 मी स्ट्रुआनकडे बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ग्लासगोचा माणूस हसला. पोट धरून. म्हणाला, पहिलं बक्षीस मिळालेला बैल हाच काय, बाहेर पोस्टर आहे त्याचं. मग सगळेच. ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं, ते इतर हसतायत म्हणून. एक जपानी गृहस्थ कमरेत वाकले आणि टाळ्या वाजवू लागले. जर्मन बाईने डोळे पुसत मला सांगितलं की स्कॉटलंडचा विनोद असा कोरड्या चेहऱ्याचा असतो हे तिने वाचलं होतं, आज बघितलं.

मी म्हटलं, मी विनोद करत नाही.

त्यावर तर छप्पर उडायचं राहिलं.

तुकडी पुढे गेल्यावर स्ट्रुआन आत आला. मला वाटलं, भांडेल. तो भिंतीला टेकला आणि तोंडावर हात ठेवून बराच वेळ हसला, पण ते हसणं नव्हतं. रोना दुपारी परत आली. तिने जमिनीकडे बघत सांगितलं की दोनच्या तुकडीनेही गुरांचा विनोद ऐकायची मागणी केली आहे. नको असेल तर नाही म्हणून सांगते, असंही म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

मी दोनलाही सांगितलं. चारलाही. मला वाटलं, कोणीतरी एक जण थांबेल.


५ मे, सोमवार

आज एक जण थांबला.

शेवटची तुकडी गेल्यावर एक म्हातारा मागे राहिला. उंच, काठी धरलेला. उजवा खांदा खाली गेलेला. मी खांदा आधी बघितला, चेहरा नंतर. नाव मॅग्नस फ्लेट, ऑर्कनी बेटांवरचा. तिथल्या एका डिस्टिलरीत अडतीस वर्षं जव फिरवले. ती जमीन आता गाड्या लावायला वापरतात. वय एक्याऐंशी.

तो सगळ्यांबरोबर हसला नव्हता. माझ्या विनोदाच्या वेळी तो भिंतीपाशी वाकून दाणे बघत होता, आणि एका कानाने बहिरा असल्याने त्याने ते ऐकलंच नाही.

परवानगी न विचारता त्याने दाणा उचलला. बरोबरच केलं, मी त्याच्या जागी विचारलं नसतं. नखाने चिरला. अंगठ्यावर ओढला. पांढरी, सलग रेघ, कुठे कणी नाही. दुसरा घेतला, मग भिंतीलगतचा तिसरा, जिथे थर चुकतो. माझा चुकला नव्हता. तिन्ही रेघा त्याने खिडकीपाशी नेऊन बघितल्या. 

म्हणाला, "चाळीस वर्षांत असा थर बघितला नाही. माझा धरून."

हे वाक्य मला सव्वीस वर्षांत ज्याने म्हणायला हवं होतं, असा माणूस आज आला.

मग त्याने सांगितलं, कशासाठी आला. त्याच्या नातीला गेल्या नोव्हेंबरात मुलगी झाली. त्याच आठवड्यात इथे भरलेलं एक पिंप त्याने पणतीच्या नावाने घेतलं आहे. अठराव्या वाढदिवसाला उघडायचं. तोपर्यंत तो नसणार, हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. घरचे म्हणत होते, जवळचं घ्या, स्वस्तातलं घ्या. हा हटून बसला, की जिथे अजून माणूस फावड्याने जव फिरवतो, तिथलंच. तिला चव घेताना कळलं पाहिजे, म्हणाला, की तिचा पणजोबा काय करायचा.

नोव्हेंबरात. मी मनात खेपा मोजल्या. नोव्हेंबरच्या सगळ्या खेपा डोडकडे गेल्या होत्या. त्याच्या पिंपात माझा दाणा नाही, एकही.

मी तयार होतो. तीन दिवस मी अशाच एका माणसाची वाट बघत होतो. हा ऐकेल, याला कळेल, हा हसणार नाही. याने जाऊन चार ठिकाणी सांगितलं, तर त्याचं वजन पडेल.

त्याने चांगला कान माझ्याकडे केला आणि विचारलं, "मग हे सगळं माझ्या पिंपात गेलंय ना?"

मी म्हटलं, हो. पाचवा हिस्सा.

"पाचवा," तो म्हणाला. "पुष्कळ झाला. मिठासारखा."

मी त्याला गोदामात नेलं. एकोणतीस नंबरची रांग, खालून दुसरं पिंप. त्याचा हात पोचेना, म्हणून मी त्याच्या काठीचं टोक पिंपाच्या लाकडाला लावून दिलं, त्याने दोनदा ठोकलं. म्हणाला, भरलेलं वाजतंय. मग खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. तुमचं नाव लिहा म्हणाला, कोणी केलं ते तिला कळू दे.

लिहिलं. लुडोविक क्रुकशँक, माल्टमन, ग्लेनवारिख. अक्षर सरळ आलं.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ. मग बस सुटायची होती.

घरी आलो तेव्हा इशबेल टेबलाशी होती. नऊ दिवस मी सरळ वर जात होतो. आज खुर्ची ओढून बसलो. ती उठली. दुसरा कप काढला, चहा ओतला.

मी म्हटलं, ऑर्कनीहून एक म्हातारा आला होता. माल्टमन. त्याने मला विचारलं, हा माल्ट दारूत जातो का.

इशबेलने किटली खाली ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग दूध माझ्याकडे सरकवलं. मी त्याला काय सांगितलं, हे तिने विचारलं नाही.